खांबावरून भिंतीवर : छत्तीसगढचे लाकडी भित्तिशिल्प

लाकडाच्या फळीवर झाड, पाखरे, माणसे किंवा अक्षरे उठावात कोरून ती फळी भिंतीवर लावायची, एवढीच लाकडी भित्तिशिल्पाची व्याख्या. मध्य भारतातल्या या कलेचे मूळ मात्र भिंतीवर नाही, जमिनीत रोवलेल्या खांबात आहे. बस्तर, कांकेर, नारायणपूर आणि गडचिरोली या सलग जंगलपट्ट्यात लाकूड कोरले जाई ते एखाद्या विशिष्ट प्रसंगासाठी : मुलगा वयात आला, लग्न ठरले, कोणी वारले, देव गावात आला. गेल्या काही दशकांत तेच विषय आणि तेच हात सपाट फळीकडे वळले, आणि शहरांतल्या दिवाणखान्यांत ही शिल्पे पोहोचली. या प्रकरणात हा प्रवास, त्यासाठी लागणारे लाकूड, कोरण्याची पद्धत आणि त्यातले विषय यांचा क्रमाने विचार केला आहे.

दुर्गचे स्थान

ही शिल्पे घेणाऱ्या शहरांपैकी एक असलेले दुर्ग शहर शिवनाथ नदीच्या परिसरात, हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावर आहे. नागपूरहून ते रेल्वेने सुमारे २६५ किलोमीटर. १९०६ मध्ये रायपूर आणि बिलासपूर जिल्ह्यांचे भाग काढून दुर्ग जिल्हा तयार झाला. शेजारचे भिलाई सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या पोलाद कारखान्यामुळे वाढले. तिथली पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. कारखान्याचे लोहखनिज दक्षिणेकडच्या दल्ली-राजहरा खाणींतून येते आणि त्या रेल्वेमार्गाचा विस्तार आता कांकेर जिल्ह्यातील अंतागढच्या पुढे गेला आहे. म्हणजे एका टोकाला भट्ट्यांचे शहर आणि दुसऱ्या टोकाला कोरीव लाकडाचा प्रदेश, असा हा मार्ग आहे.

दुर्ग-भिलाईच्या मैदानात लाकडी शिल्पाची स्वतंत्र मोठी शाळा नाही. इथे धान पिकते आणि घरांच्या भिंती परंपरेने मातीच्या. पण बस्तरच्या शिल्पाला गिऱ्हाईक लागते, ते अशाच औद्योगिक शहरांतून मिळाले. देशाच्या सर्व भागांतून आलेल्या कामगारांमुळे भिलाईला ‘लघुभारत’ म्हणतात. सेक्टरांतल्या एकसारख्या क्वार्टरांत राहणाऱ्या कुटुंबांना घराला वेगळेपण देणारी, फारशी जागा न अडवणारी वस्तू हवी असते. भिंतीवरची कोरीव फळी ती गरज भागवते.

मराठी मुलखाशी या भागाचा संबंध जुना आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी रतनपूरवर स्वारी केली. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून छत्तीसगढचा कारभार पाहू लागले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी १९५६ पर्यंत दुर्ग ज्या प्रांतात होता, त्याची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे दुर्ग, रायपूर, बिलासपूरकडे मराठी कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून आहेत.

लाकूड : कोणते आणि का

छत्तीसगढच्या भूभागापैकी सुमारे ४४ टक्के क्षेत्र वनक्षेत्र म्हणून नोंदलेले आहे. साल हा राज्यवृक्ष. स्थानिक बोलीत त्याला सरई म्हणतात. पण जंगलात जे विपुल, तेच कोरायला चांगले, असे नसते. सालाचे लाकूड जड, टणक आणि गुंतलेल्या धाग्याचे असते. एका पट्ट्यात धागा एका बाजूला झुकलेला, तर पुढच्या पट्ट्यात विरुद्ध बाजूला. पटाशी सरळ चालत नाही, मध्येच ढलपी उडते. म्हणून साल खांब, तुळया आणि रथ यांसाठी वापरतात; पूर्वी रेल्वेचे स्लीपरही त्याचेच असत. बारीक नक्षीसाठी सहसा वापरत नाहीत.

सागवान हे भित्तिशिल्पाचे मुख्य लाकूड. त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असतात, त्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याला सहजी लागत नाही. वाळल्यावर ते फारसे वाकत-पिळत नाही. एक अडचण आहे : सागात सिलिका असते आणि ती हत्याराची धार लवकर घालवते. साग कोरणारा कारागीर म्हणूनच वारंवार हत्यार दगडावर घासताना दिसतो.

शिवण हे दुसरे आवडते लाकूड. छत्तीसगढीत ते खम्हार. रंग फिकट पिवळसर, वजन हलके, धागा मऊ. वाळताना ते फार कमी आकसते, म्हणून वाद्ये, खेळणी आणि मुखवटे यांसाठीही ते वापरतात. नवशिक्याच्या हाती पहिल्यांदा शिवण देणे सोयीचे, कारण चूक झाली तर ती दुरुस्त करता येते. बिबळा, म्हणजे छत्तीसगढचा बीजा, टिकाऊ आहे, पण त्याच्यातून लालसर डिंक झिरपतो. शिसव गर्द रंगाची आणि जड, तिच्यावर झिलई उत्तम चढते. किंमतही तशीच असते.

लाकूड कोरण्याआधी वाळवावे लागते. ताज्या ओंडक्यात पाणी भरपूर असते. ते निघून जाताना लाकूड आकसते, पण सगळ्या दिशांनी सारखे नाही. वर्षवलयांच्या रेषेत ते जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मे वलयांना छेदणाऱ्या दिशेत आकसते, आणि लांबीत जवळजवळ आकसतच नाही. या असमान ओढीमुळे फळी वाटीसारखी वाकते किंवा टोकाला तडकते. दुर्गकडे उन्हाळ्यात पारा ४४–४५ अंशांपर्यंत जातो आणि पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते. अशा हवेत न वाळवलेली फळी एका वर्षातच आपला आकार बदलते. म्हणून फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून ठेवतात. एक इंच जाडीच्या फळीला यासाठी कित्येक महिने लागतात.

पाणी आणि लाकूड यांच्या नात्याचे एक प्रसिद्ध उदाहरण छत्तीसगढमध्येच आहे. १९२१ मध्ये तेव्हाच्या बिलासपूर जिल्ह्यातील किरारी गावचा हीराबंध तलाव आटला आणि तळाच्या चिखलातून एक लाकडी खांब निघाला. त्यावर ब्राह्मी लिपीत लेख कोरलेला होता. अक्षरांच्या वळणावरून तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला मानला जातो. नगररक्षी, सेनापती, गणक, भांडागारिक अशा अधिकाऱ्यांची पदनामे त्यात आहेत. अठरा शतके पाण्यात हा खांब शाबूत राहिला, कारण तिथे हवा नव्हती. उन्हात आणताच तो वाळला, वरचा थर सोलपटला आणि बरीच अक्षरे गळून पडली. गावातल्या एका पंडिताने ती आधीच उतरवून घेतली होती, म्हणून लेख वाचता आला. हा खांब बीजाच्या लाकडाचा आहे आणि आता रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयात ठेवलेला आहे.

आयुष्याच्या टप्प्यांवरचे खांब

किरारीचा खांब राजसत्तेचा होता. गावागावांतले कोरीव लाकूड माणसाच्या वाढत्या वयाशी बांधलेले होते.

पहिला टप्पा तारुण्याचा. मुरिया गोंडांच्या गावांत अविवाहित मुलामुलींसाठी घोटुल नावाचे वेगळे घर असे. त्यातल्या मुलांना चेलिक आणि मुलींना मोटियारी म्हणत. घोटुलात गाणी, नाच, कामाची शिस्त आणि गावाचे रीतिरिवाज शिकवले जात. घोटुलाचे खांब आणि दरवाजे कोरलेले असत. मुलगा आपल्या आवडत्या मुलीसाठी लाकडी फणी कोरी. तिच्यावर त्रिकोण, नागमोडी रेघा, फुलांचे आकार असत. मुलीच्या केसांत किती आणि कशा फण्या खोवल्या आहेत, यावरून तिचे स्थान कळे. तंबाखूच्या डब्याही अशाच कोरलेल्या असत. म्हणजे कोरणे हे धंद्याचे काम असण्याआधी वयात येण्याची एक खूण होते. वेरियर एल्विन यांनी १९४७ च्या ‘द मुरिया अँड देअर घोटुल’ या ग्रंथात या वस्तूंचे तपशीलवार वर्णन केले, आणि १९५१ च्या ‘द ट्रायबल आर्ट ऑफ मिडल इंडिया’मध्ये त्यांना कलेचा दर्जा देऊन छायाचित्रे-रेखाटनांसह मांडले.

दुसरा टप्पा लग्नाचा, आणि इथे दुर्गचे मैदानही येते. छत्तीसगढी लग्नात मांडवाच्या मधोमध मंगरोहन रोवतात. सुतार ते बहुधा उंबराच्या लाकडातून घडवतो. त्याला ढोबळ मानवी आकार असतो. विधी त्याच्या साक्षीने होतात. त्यावर बारीक नक्षी नसते आणि कलावस्तू म्हणून कोणी ते जपत नाही, तरी लाकडाला माणसाचे रूप देण्याची सवय मैदानी गावांतही होती, हे त्यावरून दिसते.

तिसरा टप्पा मृत्यूचा. दक्षिण बस्तरचे दंडामी माडिया मृताच्या स्मरणार्थ दगड किंवा लाकडी खांब उभा करत. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी १९३८ च्या ‘द मारिया गोंड्स ऑफ बस्तर’ या पुस्तकात या प्रथेची नोंद केली आहे. चौकोनी खांबाच्या चारही बाजू पट्ट्यांत विभागून कोरलेल्या असत. गव्याच्या शिंगांचे शिरोभूषण घातलेले नर्तक, ढोल, घोडे, हत्ती, मासा, कासव, साप, विंचू, सूर्य आणि चंद्र असे विषय त्यांवर असत. माथ्यावर पक्षी किंवा कलशासारखा आकार. मृताच्या आवडीच्या आणि वापरातल्या वस्तूही त्यात येत. खांबाभोवती फिरत त्या माणसाचे आयुष्य पाहता येई. पुढे लाकडाची जागा सिमेंटच्या रंगवलेल्या स्मारकांनी घेतली आणि त्यांवर मोटारसायकल, विमान, बंदूकधारी पोलीस असे नवे विषयही आले.

व्यक्तीपलीकडे गावाचे लाकूड होते. आंगादेव म्हणजे ओंडक्यांची चौकट असलेला देव. त्याला खांद्यांवर घेऊन जत्रेत फिरवतात. बस्तरच्या दसऱ्यात दंतेश्वरी देवीच्या छत्रासाठी दरवर्षी नवा लाकडी रथ बांधतात. पंच्याहत्तर दिवसांच्या या सोहळ्याची सुरुवात हरेली अमावास्येला, म्हणजे महाराष्ट्रात दीप अमावास्या असते त्या दिवशी, जंगलातून आणलेल्या ओंडक्याच्या पूजेने होते. तिला पाटजात्रा म्हणतात. रथ घडवण्याचा मान बेडा उमरगाव आणि झार उमरगाव या गावांच्या कारागिरांकडे आहे.

खांबाची फळी कशी झाली

खांब आणि फळी यांत दोन मोठे फरक आहेत. खांब चारही बाजूंनी पाहायचा असतो, फळी एकाच बाजूने. खांब एका माणसासाठी, एका जागी असतो. फळी कोणासाठीही असते आणि उचलून नेता येते. पहिला फरक रचनेचा आहे. चार बाजूंवर पसरलेली कथा एका पृष्ठभागावर आणताना कारागिराला मधोमध एक मुख्य विषय आणि भोवती कड असा मांडणीचा नवा विचार करावा लागला. दुसरा फरक व्यवहाराचा आहे. मृताचे आयुष्य माहीत असलेल्या कारागिराऐवजी आता अनोळखी गिऱ्हाइकासाठी कोरणारा कारागीर आला. मग विशिष्ट माणसाच्या जागी ‘माडिया जोडपे’, विशिष्ट शिकारीच्या जागी ‘शिकारीचे दृश्य’ असे सर्वसाधारण नमुने रूढ झाले.

हे घडण्यामागे काही ठोस कारणे होती. एल्विन यांच्या लेखनानंतर बस्तरच्या वस्तूंकडे शहरी संग्राहकांचे लक्ष गेले. जगदलपूरला १९७२ मध्ये मानवशास्त्रीय संग्रहालय सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर सरकारी हस्तशिल्प प्रदर्शने आणि विक्रीकेंद्रे आली, आणि छत्तीसगढ राज्य २००० मध्ये झाल्यावर हस्तशिल्प विकास मंडळाने शबरी एम्पोरियमची दुकाने चालवली. जगदलपूरजवळ परचनपाल येथे शिल्पग्राम आहे. बस्तरच्या लाकडी शिल्पाला ढोकरा धातुशिल्प आणि लोहशिल्प यांच्याप्रमाणे भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मानांकनाचा अर्थ असा, की दुसऱ्या प्रदेशात बनवलेल्या वस्तूवर ‘बस्तर’चे नाव लावून ती विकता येत नाही.

कारागिरांचा वर्गही बदलला. पूर्वी घोटुलातला कोणताही तरुण फणी कोरू शकत असे. आता कोंडागाव, जगदलपूर, नारायणपूर या गावांभोवती वर्षभर हेच काम करणाऱ्या कार्यशाळा आहेत. त्यांत मुरिया आहेत, तसे परंपरेने सुतारकाम करणारेही आहेत.

कोरण्याची पद्धत

काम फळी निवडण्यापासून सुरू होते. गाठी, तडे आणि बाहेरचा पांढरा थर टाळतात, कारण तेल-डिंक नसलेल्या त्या पांढऱ्या थरालाच कीड आधी लागते. साधारण एक ते दोन इंच जाडीची फळी रंध्याने सपाट करून गुण्याने काटकोन तपासतात. रुंद शिल्पासाठी एकच रुंद फळी घेण्यापेक्षा अरुंद फळ्या जोडून घेणे चांगले. त्यामुळे एकूण वाकणे कमी होते.

नंतर रेखाटन. जुने कारागीर थेट लाकडावर कोळशाने किंवा पेन्सिलीने काढतात, नवे कागदावरून छापतात. इथे धाग्याची दिशा पाहणे महत्त्वाचे. हरणाचे पाय, पाखराची चोच, नर्तकाचा पसरलेला हात असे लांब-बारीक भाग धाग्याच्या दिशेत पडले पाहिजेत. आडव्या धाग्यात कोरलेला बारीक भाग हलक्या धक्क्यानेही तुटतो. उभ्या माणसांची ओळ असलेली शिल्पे म्हणून सहसा उभ्या धाग्याच्या फळीवर करतात.

पुढचा टप्पा पार्श्वभूमी खाली उतरवण्याचा. रुंद पटाशी आणि लाकडी मोगरीने आकृतीच्या बाहेरचे लाकूड काढतात. जाड काम असेल तर आधी वाकस चालवतात. किती खोल जायचे, यावर शिल्पाचा प्रकार ठरतो :

रेघकाम : पृष्ठभागावर नुसत्या खाचा. फण्या आणि डब्यांवरची जुनी नक्षी याच प्रकारची.

उथळ उठाव : आकृती काही मिलिमीटर वर. समोरून येणाऱ्या प्रकाशात ती जवळजवळ सपाट दिसते, बाजूच्या प्रकाशात उठते.

खोल उठाव : अर्धी किंवा त्याहून जास्त आकृती बाहेर. बस्तरची बहुतेक मोठी भित्तिशिल्पे या प्रकारात येतात.

जाळीकाम : पार्श्वभूमी पूर्ण कापून काढलेली. झाडाच्या फांद्या आणि पाने यांना हा प्रकार शोभतो, पण फळी कमकुवत होते.

आकृती मोकळी झाल्यावर गोल पटाशीने चेहरा, वस्त्र, केस, पानांच्या शिरा असे तपशील येतात. शेवटी कानस आणि पॉलिश पेपर. काही कारागीर पार्श्वभूमी मुद्दाम घासत नाहीत. पटाशीचे ठसे तसेच राहू दिले की गुळगुळीत आकृती त्यावर उठून दिसते. अखेरीस जवसाचे तेल, मेण किंवा लाखेचे पॉलिश लावतात. पॉलिशने धागा खुलतो आणि ओलावा आत-बाहेर होण्याचा वेगही मंदावतो. पूर्ण थांबत मात्र नाही. म्हणून मागची बाजूही रंगवावी किंवा तेलवावी लागते. केवळ दर्शनी बाजू बंद केली तर फळी उघड्या बाजूने ओलावा घेते आणि वाकते.

झाडे, प्राणी आणि माणूस

या शिल्पांत निसर्ग देखाव्यासारखा, माणसापासून वेगळा, क्वचितच येतो. झाड असते ते मोहाचे, आणि त्याखाली फुले वेचणाऱ्या बायका असतात. मोहाची फुले वाळवून खातात, त्यांची दारू गाळतात, बियांचे तेल काढतात. त्यामुळे मोह हा शिल्पातला नुसता वृक्ष नसून घराच्या उत्पन्नाचा भाग आहे. गवा दिसतो तो नर्तकाच्या डोक्यावरच्या शिंगांच्या रूपात. मासा, खेकडा, कासव ओढ्याच्या जगातून येतात. कासव आणि साप यांना गोंड कुळांच्या समजुतींत मानाचे स्थान आहे : काही कुळे विशिष्ट प्राण्याला आपला पूर्वज किंवा रक्षक मानतात आणि त्याला मारत नाहीत. म्हणून त्या प्राण्याची आकृती कुळाची ओळखही सांगते.

व्यक्तिगत वाढ हा विषय शहरी मागणीतून नव्या शब्दांत आला आहे. बीज फुटून वर येणारा अंकुर, खोडात लपलेला मानवी चेहरा, घरट्यातून उडणारे पाखरू, मुळांइतकाच विस्तार असलेला जीवनवृक्ष असे नमुने आता घरे, दवाखाने, शाळा आणि कार्यालयांसाठी मागवले जातात. यांपैकी जीवनवृक्ष भारतीय कलेत जुना आहे. आंध्र आणि गुजरातच्या कापडावर तो दिसतो, मंदिरांच्या कोरीवकामातही. बस्तरच्या कारागिराला हा विषय फारसा परका वाटत नाही, कारण त्याच्या परंपरेत वाढ ही टप्प्यांनी मोजलेली आहे : फणी कोरण्याचे वय, मांडवाचा खांब, स्मरणाचा खांब. फरक इतकाच, की जुन्या शिल्पात वाढ गावासमोर होते आणि गाव तिची साक्ष ठेवते. नव्या नमुन्यात ती एकट्या माणसाच्या आत होते. म्हणून जुन्या शिल्पांत आकृत्या ओळीने, हातात हात घालून येतात, तर नव्या शिल्पांत बहुधा एकच आकृती मध्यभागी असते.

कांकेरची अक्षरे

माणूस घडवण्याचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र नमुन्यात नाही, कारागिरांत आहे. कांकेरचे अजयकुमार मंडावी लाकडातून अक्षरे घडवतात. प्राणी-पक्षी, नर्तक यांच्याऐवजी त्यांनी काव्य, प्रार्थना आणि धर्मग्रंथांतील मजकूर लाकडात उतरवला. २०१० च्या सुमारास कांकेरच्या जिल्हा तुरुंगात त्यांनी बंद्यांना काष्ठकला शिकवायला सुरुवात केली. त्यांत नक्षलवादी हिंसाचाराच्या आरोपांखाली असलेले तरुणही होते. त्यांपैकी अनेकांच्या हातांना बंदूक माहीत होती, पटाशी नव्हती. बंद्यांच्या एका गटाने लाकडी अक्षरांत ‘वंदे मातरम्’ साकारले. या कामासाठी मंडावी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

अक्षरकाम तुरुंगातल्या शिक्षणाला का सोयीचे ठरते, हे तंत्रातून समजते. आकृतिशिल्पाला शरीररचनेची समज लागते, तिला वर्षे जातात. अक्षराचा आकार आधीच ठरलेला असतो. पातळ फळीवर अक्षर छापून बारीक करवतीने कापले, कडा घासल्या आणि मागच्या फळीवर चिकटवले, की एक पूर्ण वस्तू तयार होते. चूक एका अक्षरापुरतीच राहते, सगळी फळी वाया जात नाही. काम अनेकांत वाटता येते : एक कापतो, दुसरा घासतो, तिसरा जोडतो. शिवाय ज्याला नीट लिहिता-वाचता येत नाही, तो अक्षराचे वळण हातानेच शिकतो.

देवनागरी लाकडाला सोयीची आहे आणि अवघडही. शिरोरेषेमुळे सगळा शब्द एकाच तुकड्यात कापता येतो, प्रत्येक अक्षर सुटे चिकटवावे लागत नाही. शिरोरेषा आडव्या धाग्यात ठेवली तर ती मजबूत राहते. पण मग अक्षरांचे उभे दांडे, तसेच उकार आणि रफार धाग्याला आडवे जातात आणि कापताना तुटतात. अनुस्वाराचे टिंब आणि ‘ङ’ सारख्या अक्षराचा बिंदू सुटाच राहतो, तो वेगळा बसवावा लागतो. अनेक कारागीर म्हणून अक्षराची जाडी नेहमीच्या छापील वळणापेक्षा वाढवतात. काही जण मागे आडव्या धाग्याचा पातळ थर चिकटवतात, म्हणजे दोन्ही दिशांनी ताकद येते.

महाराष्ट्राच्या बाजूने

कांकेर, नारायणपूर आणि बिजापूर यांना लागूनच गडचिरोली जिल्हा आहे. भामरागड-एटापल्लीकडचे माडिया आणि बस्तरचे माडिया यांची भाषा, सण आणि घोटुलाची परंपरा एकाच कुळातली. लाकडाच्या बाबतीत गडचिरोली-चंद्रपूरची ख्याती सागासाठी आहे. आलापल्लीचे जुन्या सागवृक्षांचे वन २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाले. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान पाठवले गेले.

मराठी वाड्यांतले कोरीव लाकूड मात्र वेगळ्या घराण्याचे आहे. सुरूच्या झाडासारखा वर निमुळता होत जाणारा खांब, त्यावर खाली झुकलेले केळफूल, महिरपीत वेली आणि पोपट : १८०७ मध्ये बांधलेल्या पुण्याच्या विश्रामबाग वाड्याचा दर्शनी भाग याचे उत्तम उदाहरण आहे. नागपूरच्या महाल भागातल्या भोसलेकालीन वाड्यांतही ही शैली दिसते. इथेही निसर्ग आहे, पण बागेतला, शिस्तीत बांधलेला आणि इमारतीचा भार वाहणाऱ्या भागांवर कोरलेला. बस्तरचा निसर्ग जंगलातला, आणि त्याच्यावर छताचा भार नाही. दुर्ग-भिलाईतील मराठी घरात एका भिंतीवर केळफुलाच्या वळणाची चौकट आणि दुसऱ्या भिंतीवर माडिया नर्तकांची फळी असेल, तर लाकडाच्या या दोन घराण्यांची तुलना घरबसल्या करता येते.

पारख आणि निगा

बाजारात हाताने कोरलेल्या फळ्यांबरोबर यंत्राने कोरलेल्या आणि लाकडाच्या भुशापासून दाबून बनवलेल्या फळ्याही असतात. यंत्राचे पाते गोल फिरते, म्हणून आतले कोपरे बहुधा गोलसर राहतात आणि पार्श्वभूमीवर समांतर, सारख्या अंतराच्या रेषा दिसतात. हातकामात दोन पाने कधी तंतोतंत सारखी नसतात. फळीची कड आणि मागची बाजू पाहिली की खरे लाकूड ओळखता येते. समोरचा धागा कडेला वळून पुढे चालू राहायला हवा. वजनाला अतिहलकी, पण गर्द रंगाची फळी असेल, तर फिकट लाकडावर रंग चढवल्याची शक्यता असते.

शिल्प ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नये. मागे अर्धा-एक सेंटिमीटर जागा सुटेल अशा ठोकळ्यांवर ते टांगावे, म्हणजे हवा खेळते. जड फळीसाठी दोन ठिकाणी आधार द्यावा. थेट उन्हात रंग उडतो आणि कूलरच्या झोतासमोर ओलावा सतत बदलत राहतो, म्हणून या दोन्ही जागा टाळाव्यात. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी, ओले फडके वापरू नये. शिल्पाखाली बारीक पिठासारखा भुसा पडू लागला, तर लाकडात भुंगा शिरला आहे असे समजावे. अशा वेळी फळी इतर लाकडी सामानापासून वेगळी ठेवून भोकांत बोरिक आम्ल आणि टाकणखाराचे द्रावण किंवा कीडनाशक सोडतात. पावसाळा संपून हवा कोरडी झाली की वर्षातून एकदा पुढून आणि मागून जवसाच्या तेलाचा किंवा मेणाचा पातळ हात द्यावा, आणि अर्ध्या तासाने जादाचे तेल कोरड्या कापडाने पुसून घ्यावे. तेल भिजलेली कापडे चुरगळून एकत्र टाकू नयेत, कारण जवसाचे तेल वाळताना तापते आणि अशी कापडे आपोआप पेट घेऊ शकतात.